‘श्यामची आई’ : वाचलेली आणि पाहिलेली

यंदाच्या पावसाळ्यात रेणापूरच्या आमच्या घरी ‘श्यामची आई’ मोठ्याने वाचली. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे. आम्हीही रोज एकच रात्र वाचली. मग आचार्य अत्र्यांचा १९५३ चा बोलपट पाहिला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक प्रथम मिळाले ते यालाच.

बोलपट संपताच चिरंजीव रुसले. “पुस्तकातली आई तुझ्यासारखी दिसायची. ही दुसरीच कोणीतरी!”

सासूबाई मात्र डोळे पुशीत होत्या. लहानपणीच आई गेली. चेहराही आठवत नाही. वनमालाबाईंकडे पाहून म्हणाल्या, “अशीच असेल गं माझी आई.”

मला विचाराल, तर आधी पुस्तकच वाचावे. पण त्या रात्रीपासून बोलपटाला नावे ठेवण्याचे मी सोडले आहे.