नाताळबाबा आणि आयते विनोद

नाशकाहून त्र्यंबकेश्वरास जाणाऱ्या रस्त्यावर सातपूर लागतें. 1962 सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि पुढें येथील शेतांतून कारखान्यांचीं छपरें उगवलीं; त्यांच्यामागोमाग नोकरवर्गाच्या वसाहती आल्या, आणि वसाहतींबरोबर सत्यनारायण, हळदीकुंकू, बोरनहाण हें सर्व यथासांग आलें. अलीकडे या यादींत एका पाहुण्याची भर पडली आहे. दत्तजयंतीचा सुंठवडा संपतो न संपतो तोंच 25 डिसेंबर उजाडतो, आणि लाल डगला, लाल टोपी व पांढरी दाढी धारण केलेले नाताळबाबा धापा टाकीत जिना चढूं लागतात. आपल्या घरांत हें योग्य कीं अयोग्य, या वादांत आम्ही शिरत नाहीं. ज्या घरांत सहा वर्षांचें मूल आहे तेथें तो वाद केव्हांच निकालांत निघालेला असतो. शिवाय नाशकास नाताळ नवा नाहीं. शरणपूरची ख्रिस्ती वसाहत एकोणिसाव्या शतकांतली आहे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ सातपुरांतील अशाच एका वसाहतींत राहतात. कारखान्यांतून निवृत्त झाल्यापासून हें काम त्यांच्याकडे आलें. निवड करतांना समितीस फारसा विचार करावा लागला नाहीं. इतर उमेदवारांस पोटाशीं उशी बांधावी लागली असती; यांस तिची गरज नव्हती! दाढीचा प्रश्न मात्र बिकट होता. तो त्यांनीं घरांतल्या कापसावर सोडविला, आणि तो कापूस वातींसाठीं आणलेला होता हें त्यांच्या पत्नीस दुसऱ्या दिवशीं सकाळीं देवापुढें बसल्यावर कळलें. आईबापांनीं आधींच गुपचूप आणून दिलेल्या पुड्या पोतडींतून काढून ज्याच्या त्याच्या हातीं द्यावयाच्या, आवाज घोगरा करावयाचा, आणि पोरांनीं पोटांत बोटें खुपसलीं तरी प्रसन्न राहावयाचें, असा हा कार्यक्रम. एका मुलीनें त्यांस चपलांवरून ओळखलें. परंतु तिनें ती गोष्ट आपली पुडी मिळेपर्यंत कोणास सांगितली नाहीं!

या बाबांचें मूळ पुरुष संत निकोलस हे चौथ्या शतकांतले मायरा गांवचे बिशप. तें गांव आजच्या तुर्कस्तानांत येतें. त्यांची प्रसिद्ध कथा आपल्या वाचकांस परकी वाटूं नये. एका दरिद्री बापास तीन उपवर मुली होत्या आणि हुंड्याची सोय नव्हती. निकोलसांनीं रात्रीच्या अंधारांत खिडकींतून सोन्याच्या पिशव्या आंत टाकल्या. अंधार अशासाठीं कीं घेणाऱ्यास मान खालीं घालावी लागूं नये. पोट मात्र फार मागाहून आलें. 1863 पासून थॉमस नास्ट या अमेरिकन चित्रकारानें ह्या म्हाताऱ्यास गुबगुबीत करावयास घेतलें, आणि 1931 पासून कोकाकोलाच्या जाहिरातींनीं त्याचें आजचें लाल गोंडस रूप घरोघर पोंचविलें. देणाऱ्यानें आधीं अंग लपविलें आणि मग स्वतःस हास्यास्पद करून घेतलें. दोन्हींत घेणाऱ्याचा मान राहिला.

आतां दुसरी पोतडी पाहूं. आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्यें व्हॉट्सअॅपवर एक कुटुंबाचा समूह असतो, आणि त्यांत पहाटेपासून विनोद येऊन पडतात. तेथेंही देणारा अज्ञातच. तोच विनोद मामाकडून, शेजाऱ्याकडून आणि जुन्या वर्गमित्राकडून एकाच सकाळीं येतो. कोणी त्याच्याखालीं पु. ल. देशपांडे यांचें नांव घालतो, आणि पु. ल. 2000 सालींच निवर्तल्यामुळें त्यांस हरकत घेतां येत नाहीं. 2018 सालीं कंपनीनें आपल्या देशांत एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं संदेश पुढें पाठविण्यास बंदी केली, ती अफवांमुळें. विनोदांचा पूर तिनें ओसरला असें आम्हांस तरी दिसलें नाहीं.

या आयत्या विनोदांत पोट कोणाचें असतें? बहुधा बायकोचें. ती लठ्ठ, ती खर्चिक, ती बोलकी, आणि नवरा बिचारा गरीब गाय. समूहांत तीच बायको, तिची सासू व तिची सूनही असते. तिघीही हंसऱ्या चेहऱ्याचें चिन्ह उमटवितात, कारण तें न उमटविल्यास ‘हिला विनोद कळत नाहीं’ हा शेरा ठरलेला. असें सक्तीचें हंसूं आम्हीं पुष्कळ घरांत पाहिलें आहे, आणि तें स्वयंपाकघरांत गेल्यावर किती वेळ टिकतें हेंही पाहिलें आहे.

मराठी विनोदास हें शोभत नाहीं, कारण त्याची उत्तम परंपरा नेमकी उलट आहे. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आपली फजिती आपल्याच तोंडानें सांगतात. आणि सातपुराहून फार दूर नसलेल्या जलालपुरांत 1868 सालीं जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनीं ‘स्मृतिचित्रें’त आपल्या भाबडेपणास जितकें हंसून घेतलें, तितकें क्वचितच कोणी दुसऱ्यास हंसला असेल. पतीच्या धर्मांतरानें संसार उन्मळून पडलेल्या बाईचें तें हंसूं आहे, म्हणून त्यास वजन आहे.

आमचे ते गृहस्थही समूहांतले मोठे दाते होते. गेल्या नाताळास डगला चढवीत असतांनाच त्यांनीं बायकोच्या वजनावरचा एक विनोद पुढें धाडला. बाईंचा फोन आंतल्या खोलींत वाजला. त्या बाहेर आल्या, डगल्याचें तुटलेलें बटण शिवावयास बसल्या आणि म्हणाल्या, “अहो, खालीं जाऊन तुम्ही पोरांना स्वतःच्या पोटावर हंसवतां, तें मला फार आवडतें. मग फोनवर माझंच पोट कां लागतं तुम्हांला?”

गृहस्थांनीं उत्तर दिलें नाहीं. दांतांत कापसाची दाढी धरलेली होती. परंतु त्या रात्रीं समूहावर त्यांनीं स्वतः जुळविलेल्या दोन ओळी आल्या. त्यांत तें बटण कसें आणि कोणत्या दाबानें तुटलें याचा वृत्तांत होता. विनोद बेताचाच होता. हंसरे चेहरे चार आले. त्यांपैकीं पहिला शेजारच्याच खोलींतून आला होता.