मुलाखतीत आपला प्रसंग सांगायचा कसा?

महापालिकेच्या दवाखान्यात कंत्राटी नर्सच्या जागा निघाल्या की वस्तीतल्या मुली आमच्याकडे येतात. मोबाईलवर जाहिरातीचा फोटो असतो, त्यात 'थेट मुलाखत' असं लिहिलेलं असतं. फाईल तयार असते, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झालेली असते. पण "सिस्टर, आत काय विचारतील?" या एका प्रश्नाने झोप उडालेली असते.

आधी हे समजून घ्या की प्रत्येक सरकारी नोकरीला मुलाखत नसते. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब मधल्या अराजपत्रित जागांची मुलाखत बंद केली. एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरची निवडही संगणकावरच्या परीक्षेने होते. मुलाखत राहिली ती वरच्या पदांना आणि बऱ्याच कंत्राटी जागांना. म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ती त्या कार्यालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर आहे का, हेही बघा. 'मुलाखतीत पास करून देतो' म्हणून कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.

मुलाखतीत विषयाचे प्रश्न असतातच. त्याशिवाय आता असंही विचारतात : "नातेवाईक चिडून अंगावर आले तेव्हा तुम्ही काय केलंत? एखादा प्रसंग सांगा." याला वर्तनावर आधारित मुलाखत म्हणतात. माणूस पुढे कसा वागेल हे तो आधी कसा वागला यावरून ओळखायचं, असा त्यामागचा विचार आहे. "मी मेहनती आहे, सहनशील आहे" असं कोणीही म्हणू शकतं. त्यामुळे समोरच्यांना घडलेली गोष्ट हवी असते.

ती गोष्ट चार टप्प्यांत सांगा : प्रसंग काय होता, तुमची जबाबदारी काय होती, तुम्ही काय केलं आणि शेवटी काय झालं. पहिले दोन टप्पे दोन-तीन वाक्यांत संपवा. जास्त वेळ तिसऱ्याला द्या, कारण गुण तिथेच मिळतात. सगळं मिळून दोन मिनिटं पुरेत.

उदाहरण बघा. "रात्रपाळीला वॉर्डात मी आणि एक मावशी होतो. एका रुग्णाचा मुलगा डॉक्टर येत नाहीत म्हणून ओरडू लागला. वॉर्ड शांत ठेवणं आणि त्याच्या वडिलांकडे लक्ष देणं माझं काम होतं. मी त्याला बाजूला नेलं, आधी त्याचं पूर्ण ऐकलं. वडिलांची नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन त्याच्यासमोर तपासून आकडे सांगितले. डॉक्टरांना पुन्हा फोन केला, ते किती वेळात येतील ते त्याला सांगितलं. मावशींना इतर रुग्णांजवळ थांबायला सांगितलं. तो शांत झाला. डॉक्टर आल्यावर मी सगळं रजिस्टरमध्ये लिहिलं." यात स्वतःचं कौतुक कुठेच नाही, तरी बाई कशी आहे ते कळतं.

आमच्या मुलींची एक सवय इथे आड येते. त्या प्रत्येक वाक्यात "आम्ही केलं" म्हणतात. वस्तीत सगळी कामं मिळूनच होतात, त्यामुळे 'मी' म्हणायला संकोच वाटतो. पण मुलाखत तुमच्या एकटीची असते. "आम्ही लसीकरणाचं शिबिर घेतलं" एवढ्यावर थांबू नका. "त्यात ज्या घरांनी नकार दिला होता तिथे मी पुन्हा गेले" असं सांगा. हा गर्व नाही, केलेल्या कामाचा हिशेब आहे.

"माझ्याकडे अनुभवच नाही" हेही रोज ऐकतो. मग आम्ही विचारतो, आजीच्या टीबीच्या गोळ्या सहा महिने कोणी चुकू दिल्या नाहीत? नळावर भांडण झालं तेव्हा नंबर कोणी लावून दिले? बारावीचा अभ्यास करताना धाकट्यांना कोणी सांभाळलं? चिकाटी, भांडण मिटवणं, वेळेचं नियोजन असं बोर्ड ज्याला म्हणतं ते हेच. वहीत असे सहा-सात प्रसंग लिहून काढा : रागावलेला माणूस, घाईची वेळ, मिळून केलेलं काम, नियमासाठी धरलेला आग्रह, नवं शिकलेलं काही आणि स्वतःची चूक.

चुकीचा प्रश्न टाळू नका. "माझी कधी चूक झाली नाही" हे उत्तर नर्सच्या तोंडी धोक्याचं आहे. एका रुग्णाचा रक्तदाब दुसऱ्याच्या कागदावर लिहिला गेला, लक्षात येताच सिस्टर इन्चार्जना सांगितलं, दुरुस्ती केली, तेव्हापासून नाव विचारल्याशिवाय लिहीत नाही, असं सांगणारीवर विश्वास बसतो. मात्र प्रसंग खरा हवा. बनवलेली गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नाला उघडी पडते.

कधी आडनाव ऐकून, पत्ता वाचून प्रश्नाचा सूर बदलतो. लग्न कधी करणार, मूल कधी, असंही विचारतात. आमच्यातल्या काहींनी हे सोसलं आहे. तेव्हा मान खाली घालू नका आणि भांडूही नका. "मी याच वस्तीत वाढले, इथल्या लोकांची दुखणी मला जवळून माहीत आहेत" किंवा "पाळ्या सांभाळायची माझी तयारी आहे" एवढं सांगून कामावर या. बाहेर आल्यावर काय विचारलं ते तारखेसह लिहून ठेवा. तक्रार करायची ठरली तर ते उपयोगी पडतं.

आता शरीराचं. दार उघडताना छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, लघवीला लागल्यासारखं वाटतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी अॅड्रेनॅलिन सोडतात त्याचा हा परिणाम आहे. तो कमकुवतपणा नाही. बाहेर बसल्यावर चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, असं पाच मिनिटं करा. सोडलेला श्वास लांबला की ठोके मंदावतात. नुसत्या चहावर जाऊ नका, पोहे नाहीतर भाजी-भाकरी खाऊन निघा. पाण्याची बाटली, पॅड आणि चालू असलेल्या गोळ्या पिशवीत असू द्या. आदल्या रात्री जागून पाठांतर करू नका. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जीव नकोसा वाटतो असं झालं तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर बोला.

घरच्यांना एक विनंती. मुलीला त्या आठवड्यात रोज अर्धा तास द्या. पाणी दुसऱ्या कोणीतरी भरावं. कोणीतरी खुर्ची टाकून समोर बसा आणि विचारा, "एखादा प्रसंग सांग." वाचता न येणारी आजीही हे करू शकते. गोष्ट आजीला समजली तर बोर्डालाही समजेल.