आकडा हिरवा, तरी राख धोक्याची



वडोदऱ्यातील आपल्या अनेक घरांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. ७ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिस परिसरात वणवे पेटले, तेव्हा आम्हीही इथे बसून मोबाइलवर तिथल्या हवेचा आकडा पाहत होतो. तो हिरवा दिसला की हायसे वाटे. तेवढे पुरेसे नाही, हे नंतर समजले.

वणव्याच्या धुरात हा आकडा मुख्यतः 'पीएम २.५' वरून ठरतो. हे कण अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. सरकारी केंद्रे त्यांचे वजन काटेकोरपणे मोजतात, पण अशी केंद्रे थोडी. घरोघरी लावलेले स्वस्त सेन्सर लेझरच्या प्रकाशावरून अंदाज करतात आणि धुरात बरेचदा जास्त आकडा दाखवतात. म्हणून तिथल्या सरकारी 'आग आणि धूर' नकाशावर त्यांचे आकडे दुरुस्त करून देतात. गल्लीतला बदल मात्र सेन्सरमुळेच लवकर कळतो.

आता मुख्य मुद्दा. पासबुकातली शिल्लक एकूण रक्कम सांगते. पैसे कशाचे, ते नोंदी पाहूनच कळते. इथेही तसेच आहे. या वणव्यांत १६ हजारांहून अधिक बांधकामे जळाली. अल्टाडेनातली बरीच घरे १९७८ पूर्वीची, म्हणजे शिशाच्या रंगावर बंदी येण्याआधीची. तिथून सुमारे २२ किलोमीटरवरच्या पिको रिव्हेरा येथील केंद्रात हवेतले शिसे काही काळ नेहमीच्या जवळपास शंभर पट आढळले. कणांमध्ये काय आहे, हे मोबाइलवरचा आकडा सांगत नाही. शिवाय डोळ्यांना दिसणारी राख पीएम २.५ पेक्षा मोठी असते, ती त्यात धरलीच जात नाही.

म्हणून मुलांकडे गेलात आणि अशी वेळ आली, तर सवयीने कोरडा झाडू मारू नका. राख ओल्या फडक्याने पुसा, एन-९५ मास्क लावा, चपला-बूट दाराबाहेर ठेवा, नातवंडांना राखेत खेळू देऊ नका. आकडा जरूर पाहा. पण अंगणात राख असेपर्यंत हिरव्या रंगावर विसंबू नका.