हलकं रान, उसाचा फुटवा आणि टॉनिकची बाटली



लागणीला दोन महिने होत आले की शेती विभागाकडे ठरलेला प्रश्न येतो. "साहेब, उगवण झकास झाली, पण फुटवाच धरत नाही. कुठलं टॉनिक मारू?" काळ्या कसदार रानातून हा प्रश्न क्वचित येतो. तो येतो मुरमाड माळावरून, उताराच्या धुपलेल्या पट्टीतून.

आपल्या भागात उसाच्या वाट्याला अशीच रानं जास्त येऊ लागली, त्याचं कारण सर्वांना ठाऊक आहे. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, पिंपरी-चिंचवडला कंपन्या उभ्या राहिल्या, नव्वदच्या दशकात चाकणची वसाहत आली. चांगली चांगली रानं प्लॉट, रस्ते आणि गोदामांखाली गेली. त्यात घरचा तरणा पोरगा कंपनीत शिफ्टला. शेणखताच्या पाट्या टाकायला माणूस मिळत नाही. सुट्टीच्या दिवशी पाठीवर पंप घेऊन फवारणी उरकणं मात्र जमतं. म्हणून बाटली खपते. त्यात सभासदाला दोष देण्यासारखं काही नाही. पण ती बाटली हलक्या रानात काय करते आणि काय करू शकत नाही, हे पैसे मोजण्याआधी समजून घेतलेलं बरं.

बाटलीत असतात ती संजीवके. ती पिकाच्या अंगात मुळातच असतात, अगदी थोड्या प्रमाणात. संजीवक म्हणजे अन्न नव्हे, निरोप. मुळानं शेंड्याला, शेंड्यानं डोळ्याला धाडलेला निरोप. आपण त्याचं नाव घेत नसलो तरी त्याचं काम रोज बघतो. उसाचा शेंडा मोडला किंवा ऊस लोळला की बाजूचे डोळे फुटून पांगशा निघतात. शेंड्यात ऑक्झिन तयार होतं आणि ते खाली उतरून डोळ्यांना झोपवून ठेवतं; शेंडा गेला की डोळे जागे. लांब टिपरी लावली तर वरचा डोळा आधी फुटतो आणि खालचे मागे राहतात, त्यातही हाच प्रकार. जेठा कोंब काढायची आपल्याकडची पद्धतसुद्धा याच तत्त्वावर चालते. शास्त्र शिकायच्या आधीपासून शेतकरी ते वापरतो आहे.

आता हलक्या रानाकडे वळू. डोळा जागा करणारं दुसरं संजीवक आहे सायटोकायनिन. ते मोठ्या प्रमाणात मुळांत तयार होतं आणि पाण्याबरोबर वर चढतं. मुळाला नत्र भरपूर मिळालं की ते जास्त बनतं, नत्र तुटलं की कमी. म्हणजे खाली शिधा किती आहे, हे मूळ वर कळवत असतं. शिधा कमी असला की झाड कोंब आवरतं आणि आहे ते मुळं वाढवण्यावर खर्च करतं.

स्फुरदाची गोष्ट तर आणखी नवलाची आहे. ज्वारीवर टारफुला येतो, उसावरही येतो. हे तण मुळाला चिकटून रस शोषतं आणि कसदार रानापेक्षा उपाशी रानातच जास्त माजतं. त्याचं बी वर्षानुवर्षं मातीत निपचित पडून असतं, यजमान पिकाचं मूळ जवळ आलं की नेमकं उगवतं. त्याला जागं करणारं द्रव्य १९६६ साली अमेरिकेत कपाशीच्या मुळांतून वेगळं काढलं गेलं. या गटातल्या द्रव्यांना स्ट्रायगोलॅक्टोन म्हणतात. पण पीक आपल्याच वैऱ्याला हाक का मारील? उत्तर मिळायला २००५ साल उजाडलं. जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की ही हाक मुळात मायकोरायझा नावाच्या मित्र-बुरशीसाठी असते. ही बुरशी लांबवर तंतू पसरून मुळाला स्फुरद आणून देते. टारफुल्यानं ती हाक चोरून ऐकायची सवय लावून घेतली, इतकंच.

पुढं २००८ साली फ्रान्स आणि जपानमधल्या शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. हेच द्रव्य झाडाच्या आत फुटवे रोखणारं संजीवक आहे. भातावरच्या प्रयोगांत स्फुरद तोडलं की हे द्रव्य वाढलं आणि फुटवे थांबले. मावळात इंद्रायणी लावणाऱ्याला खाचराच्या उपाशी कोपऱ्यातले एककाडी चूड आठवतील. ऊस भाताच्याच गवत कुळातला आहे. तेव्हा हलक्या रानात ऊस फुटत नाही, तो आजारी म्हणून नव्हे. मुळानं हिशेब करून 'एवढीच तोंडं पोसता येतील' असा निरोप दिलेला असतो.

या अवस्थेत वरून जिब्रेलिक आम्ल मारलं तर काय होईल? 'जीए' म्हणून नारायणगावकडच्या द्राक्षबागायतदारांना हे चांगलं परिचयाचं आहे. त्याचा शोध भाताच्या एका रोगातून लागला. जपानात भाताची काही रोपं वेड्यासारखी उंच वाढून आडवी पडत. १९२६ साली कुरोसावा यांनी दाखवलं, की हे एका बुरशीच्या स्रावामुळे होतं. आजही हे आम्ल बुरशी टाक्यांत वाढवूनच काढतात. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलीन काढलं गेलं, साधारण त्याच धर्तीवर. जीएचं काम लांबवणं. फुटवा काढणं हे त्याचं काम नव्हे, उलट जास्त झालं तर फुटवा दबतो. पोसलेल्या उसात कांडी लांबते आणि भरतेही. उपाशी उसात ती नुसतीच लांबते. काट्यावर वजन लागतं, उंची नाही.

वजनाचा हिशेब साधा आहे. एकरी ४० हजार ऊस तुटले आणि एक ऊस दीड किलोचा धरला तर ६० टन. त्याच वजनाचे २५ हजारच भरले तर साडेसदतीस टन. हे साडेबावीस टन फुटव्याच्या पहिल्या तीन-चार महिन्यांतच ठरतात. तेव्हा खर्च करायचाच तर मुळापाशी करावा.

सरीत टाकायचे सुपर फॉस्फेट कुजलेल्या शेणखतात किंवा प्रेसमडमध्ये मिसळून द्यावे; नुसते टाकले तर बराचसा स्फुरद मातीत अडकून बसतो. सुरू उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद व ११५ किलो पालाश अशी आहे. नत्र मात्र एकदम देऊ नये. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला उरलेले ४० टक्के द्यावे. मुरमाड रानात एकदम टाकलेलं नत्र पाण्याबरोबर खाली निघून जातं. जस्ताची कमतरता असेल तर तीही भरावी. जस्त नसलं की ऑक्झिन नीट बनत नाही आणि कांड्या आखूड राहतात.

बेणेप्रक्रिया चुकवू नये. १०० लिटर पाण्यात १० किलो अॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू मिसळून हेक्टरभराचे बेणे अर्धा तास बुडवावे. हा अॅसिटोबॅक्टर उसातच राहून हवेतलं नत्र देतो आणि स्वतः ऑक्झिनही बनवतो. बाटलीतलं संजीवक फुकटात, म्हणा ना!

खोडव्यात पाचट जाळू नये, हे किती वेळा लिहावे? हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते, त्यात ४० ते ५० किलो नत्र आणि त्याहून जास्त पालाश असते. जाळलं की नत्र धूर होऊन जातं.

हलक्या रानात जेठा कोंब काढायची घाई नको. बाजूचे दोन-तीन कोंब निघालेले दिसल्याशिवाय तो मोडला तर हाताशी काहीच उरत नाही.

एवढं सगळं करून फवारणी करायची तर खुशाल करावी, पोसलेल्या उसात तिचा उपयोग होतो. मात्र बाटली वाचून घ्यावी. जिब्रेलिक आम्लाची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होते, आणि २०२१ पासून जैव-उत्तेजकेही खत नियंत्रण आदेशात आलेली आहेत. लेबलावर घटक, प्रमाण आणि नोंदणी क्रमांक नसेल, किंवा दुकानदार पक्कं बिल देत नसेल, तर तो माल घेऊ नये.

आडसालीची लागण करणाऱ्यांनी खत टाकण्याआधी मातीचा नमुना काढावा. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्यावा. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा टाळावा. सगळी माती एकत्र करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, असं करत अर्धा किलो ठेवावी. पिशवी खताची नसावी. आत गट नंबर, मागचं पीक आणि पाण्याची सोय लिहिलेली चिठ्ठी घालावी. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहावी, ओल्या मातीत शाई फुटते.