नवा मॉनिटर रुसला तर...

घरात नवी वस्तू आली की आपण तिला हळद-कुंकू वाहतो आणि मगच बटण दाबतो. मिक्सर असो, शिलाई मशीन असो, नाहीतर मुलांच्या अभ्यासासाठी आणलेला कॉम्प्युटरचा मॉनिटर असो. मिक्सर बिचारा बटण दाबताच गरगरू लागतो. मॉनिटरचं मात्र तसं नसतं. कधी पडदा काळाच राहतो, कधी अक्षरं पुसट दिसतात, कधी चित्राच्या कडाच गायब होतात. मग घरातून पहिलं वाक्य येतं, "तू हात लावू नकोस, बिघडेल!" आणि काही हजार रुपये मोजून आणलेली ती वस्तू, कुणीतरी जाणता माणूस येईपर्यंत टॉवेल पांघरून बसून राहते.

मैत्रिणींनो, खरी मेख इथेच आहे. ऑनलाइन मागवलेली वस्तू परत करायची किंवा बदलून घ्यायची मुदत बहुधा आठवडा-दहा दिवसांचीच असते. जाणता माणूस रविवारी येणार, तो रविवार पुढच्या रविवारवर जाणार आणि तोवर मुदत संपून जाणार. शिवाय मुलांच्या परीक्षा कुणासाठी थांबत नाहीत. आपल्यापैकी कितीजणी हल्ली घरबसल्या टायपिंग करतात, शिकवण्या घेतात, नाहीतर आपल्या नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून राहिलेली पदवी पुरी करतात! त्यांचं तर कामच अडतं. म्हणून हे थोडं आपणच शिकून घेऊ या. यात स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. लागतं ते आपण स्वयंपाकघरात रोज वापरतो तेच शहाणपण: आधी बघायचं, मग हात घालायचा.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

आमटी बिघडली तर आपण लगेच डाळ फेकून देतो का? मीठ, पाणी, आंबट असं एकेक तपासतो. इथेही तीन गडी आहेत: कॉम्प्युटर, मॉनिटर आणि दोघांना जोडणारी केबल. दोष यातल्या कुणाचा हे ओळखायच्या दोन सोप्या युक्त्या सांगते.

पहिली युक्ती. मॉनिटरच्या खाली, मागे किंवा कडेला जी बटणं असतात, त्यातलं 'मेनू'चं बटण दाबा. पडद्यावर मॉनिटरची स्वतःची यादी येते. ही यादी मॉनिटर स्वतःच दाखवतो, कॉम्प्युटरशी तिचा संबंध नाही. ती यादी स्वच्छ, ठसठशीत दिसली आणि बाकीचं चित्र मात्र पुसट किंवा थरथरतं असेल, तर मॉनिटर बहुधा ठणठणीत आहे. केबल किंवा कॉम्प्युटरकडे बघा. यादीवरसुद्धा तीच रेघ, तोच डाग दिसला, तर दोष मॉनिटरचाच.

दुसरी युक्ती. पडद्याचा 'स्क्रीनशॉट' घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. मोबाइलवरच्या चित्रातही तो दोष दिसला तर तो कॉम्प्युटरमधून येतो आहे. मोबाइलवर चित्र स्वच्छ असेल तर दोष केबलचा किंवा मॉनिटरचा. एवढं ठरलं की अर्धी लढाई जिंकलीच समजा!

पडदा काळाच राहिला तर

मॉनिटरवरचा छोटा दिवा पाहा. दिवाच लागत नसेल तर वीज पोहोचत नाही. एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण चालू आहे का? मागची पिन पुरती आत बसली आहे का? नव्या वस्तूची पिन घट्ट असते, ती अर्धवटच बसते आणि आपल्याला बसल्यासारखी वाटते.

दिवा लागतो, पण 'नो सिग्नल' असं येतं? म्हणजे मॉनिटर जागा आहे, पण त्याच्यापर्यंत चित्रच येत नाही. अशा वेळी क्रमाने चार गोष्टी बघा.

एक, मॉनिटरच्या मेनूमध्ये 'इनपुट' किंवा 'सोर्स' असतो. केबल एचडीएमआयच्या खाचेत लावली आहे आणि इनपुट व्हीजीएवर ठेवला आहे, असं फार वेळा होतं. पाहुणे पुढच्या दारात उभे आणि आपण मागचं दार उघडून वाट पाहतोय, तसंच हे!

दोन, कॉम्प्युटरच्या खोक्याच्या मागे, म्हणजे ज्याला आपण सरसकट सीपीयू म्हणतो त्याच्या मागे, एचडीएमआयच्या खाचा दोन ठिकाणी असू शकतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर खालच्या भागात आडव्या पट्टीवर खाचा दिसतील. केबल तिथे लावायची. वरच्या, यूएसबीशेजारच्या खाचेत लावली तर बहुतेक वेळा पडदा काळाच राहतो.

तीन, लॅपटॉपला मॉनिटर जोडला असेल तर विंडोजचं बटण दाबून धरा आणि 'पी' दाबा. 'डुप्लिकेट' निवडलंत की दोन्ही पडद्यांवर एकच चित्र येईल. 'एक्स्टेंड' निवडलंत की दुसरा पडदा पाटावर पाट मांडावा तसा वाढीव जागा म्हणून मिळेल.

चार, जुना कॉम्प्युटर आणि नवा मॉनिटर अशी जोडी असेल तर जरा सांभाळा. जुन्याला निळी, पंधरा टाचण्यांची व्हीजीए खाच असते. ही पद्धत १९८७ सालची. नव्या मॉनिटरला कित्येकदा नुसती एचडीएमआय असते. मध्ये कन्व्हर्टर लागतो, पण तो एकाच दिशेने चालतो. 'व्हीजीएतून एचडीएमआय' असा स्पष्ट मागून घ्या. उलटा घेतलात तर दिसायला अगदी तोच दिसेल आणि चित्र मात्र काही केल्या येणार नाही.

ठिपक्यांच्या रांगोळीचं गणित

सर्वांत जास्त तक्रार कसली? "नवा मॉनिटर मोठा आणला, पण जुन्याइतकंही स्वच्छ दिसत नाही." याचं कारण आपल्याला कुणी शिकवायला नको, कारण ठिपक्यांची रांगोळी आपण लहानपणापासून काढतो आहोत.

हल्लीच्या साधारण चोवीस इंची मॉनिटरवर बहुधा आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. एकूण झाले २०,७३,६००. हे ठिपके कारखान्यातच पक्के बसवलेले, ते हलत नाहीत. जुना कॉम्प्युटर मात्र १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचं चित्र पाठवत राहतो. आता अंगणात १९२० ठिपके मांडलेत आणि रांगोळी १३६६ ठिपक्यांची बसवायची म्हटलं, तर रेघ ठिपक्यावर येईल का? ती दोन ठिपक्यांच्या मधेच पडणार. मॉनिटर मग रंग दोन्ही ठिपक्यांवर थोडा थोडा वाटून देतो आणि आपल्याला अक्षर फुटलेलं, धुरकट दिसतं.

उपाय एका मिनिटाचा आहे. पडद्याच्या मोकळ्या जागेवर माऊसचं उजवं बटण दाबा, 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडा, 'रेझोल्यूशन'मध्ये जिथे 'रेकमेंडेड' लिहिलं आहे तोच आकडा निवडा. चुकीचा आकडा निवडला गेला आणि पडदा काळा झाला तरी घाबरू नका. काही न दाबता पंधरा सेकंद थांबा, पहिलं चित्र आपोआप परत येतं.

यानंतर अक्षरं फार बारीक वाटली तर रेझोल्यूशन कमी करू नका हं! त्याच जागी 'स्केल' असतं, ते १२५ टक्के करा. अक्षर मोठं होईल आणि ठसठशीतही राहील. आईंना, सासूबाईंना पोथी किंवा बातम्या वाचायच्या असतील तर १५० टक्केही करून द्यायला हरकत नाही.

कडा कापल्या, रंग उतरले

चित्राच्या चारही कडा पडद्याबाहेर गेल्या असतील, तर कॉम्प्युटर मॉनिटरला टीव्ही समजतो आहे. मेनूमध्ये 'ओव्हरस्कॅन' बंद करा, किंवा 'आस्पेक्ट'मध्ये मूळ मापाचा पर्याय निवडा. व्हीजीए केबल असेल आणि चित्र एका बाजूला सरकलं असेल, तर 'ऑटो अ‍ॅडजस्ट' दाबा, ते जागेवर बसेल.

सगळं पिवळसर दिसतंय? डोळ्यांना आराम देणारा 'आय सेव्हर' किंवा 'नाइट लाइट' चालू असेल. तो दोष नव्हे. सगळं गुलाबी किंवा हिरवट दिसत असेल तर मात्र केबल काढून टाचण्या बघा. एखादी वाकलेली असली की एक रंगच पोहोचत नाही. उजेड आपोआप कमीजास्त होत असेल तर मेनूतला 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' बंद करा.

आणि मराठी अक्षरांचे ठोकळे?

एका शाळेत नवा मॉनिटर आला त्याच आठवड्यात प्रश्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसू लागली. बिचारा मॉनिटर दुरुस्तीला निघाला होता! कागद जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला होता आणि तो फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर नव्हता, एवढंच. फॉन्ट बसवताच प्रश्नपत्रिका वाचता आली. अक्षरांच्या जागी चौकोन, तुटलेल्या वेलांट्या, सुटे झालेले रफार, हे सगळे फॉन्टचे खेळ. मॉनिटर त्याला जबाबदार नाही. नवं टायपिंग युनिकोडमध्येच करायची सवय ठेवा, म्हणजे तोच कागद कुठल्याही पडद्यावर उघडेल.

पैठणी पारखता, तसा मॉनिटर पारखा

येवला आपल्याच जिल्ह्यात. पैठणी घेताना पदर उलटा करून पाहायचा हे आपल्याला माहीत असतं. मॉनिटरची पारखही पहिल्याच दिवशी करा. पडदाभर एकेक सपाट रंग आणायचा: पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा. मुलांना सांगा, चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये ते चुटकीसरशी करून देतील. पांढऱ्यावर एखादा काळा ठिपका कायम दिसला तर तो मेलेला ठिपका. काळ्यावर एखादा लाल किंवा हिरवा टिपका चमकत राहिला तर तो अडकलेला ठिपका. मग खोलीतला दिवा मालवून काळा पडदा पाहा. कोपऱ्यांतून थोडा उजेड झिरपणं नेहमीचं आहे, पण मोठा पांढरा पट्टा दिसणं बरं नव्हे.

हे पहिल्याच दिवशी का? कारण एखाद्-दुसरा ठिपका गेला तर वॉरंटीत बदलून देणं बऱ्याच कंपन्यांच्या नियमात बसत नाही. परत करण्याच्या मुदतीतच काय ते होऊ शकतं. म्हणून खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, आणि खोकं, थर्माकोल, बिल माळ्यावर नीट जपून ठेवा. भंगारवाल्याला द्यायची घाई नको.

चार घरगुती सूचना

पूजा करायचीच तर ओलं कुंकू काचेवर नको, स्टँडला लावा. ओल खालच्या कडेने आत उतरली की पडद्यावर कायमचा डाग पडतो. पुसताना मॉनिटर बंद करून कोरडं मऊ कापड फिरवा. फार तर ते किंचित ओलसर करा. काचा पुसायचं औषध पडद्यावर फवारू नका.

मॉनिटर खिडकीच्या समोर नको आणि खिडकीकडे पाठ करूनही नको. खिडकी बाजूला येऊ द्या. अंतर हातभर असावं, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. उजेड खोलीच्या उजेडाइतका. दुकानातून येतो तेव्हा तो भलताच प्रखर ठेवलेला असतो. दर वीस मिनिटांनी मुलांना वीस सेकंद खिडकीबाहेर लांबवर बघायला लावा.

वळवाचे ढग जमले, विजा कडाडू लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिनच काढून ठेवा. चांगला स्पाइक गार्ड आणि घराचं अर्थिंग ठीक असणं, या दोन गोष्टींवर कंजुषी नको. आणि मॉनिटरचं मागचं झाकण मात्र कधीही उघडू नका. पिन काढल्यावरही आत काही काळ वीज साठलेली राहते, आणि वॉरंटीही हातची जाते.

दाद मिळाली नाही तर

सगळं करूनही दोष मॉनिटरचाच निघाला, तर संकोच कसला? दुकानदार "कंपनीशी बोला" म्हणतो, कंपनी "दुकानाशी बोला" म्हणते आणि आपण मधल्यामधे चेंडूसारख्या टोलवल्या जातो. आमच्या कॉलनीतल्या एका वहिनींचं असंच झालं. त्यांनी फोनवर भांडण केलं नाही. दोषाचे फोटो, बिल आणि तारखा घालून लेखी तक्रार पाठवली. आठवड्यात नवा मॉनिटर दारात आला. तोंडी तक्रार हवेत विरते, लिहिलेली टिकते.

तरीही कुणी ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मग विकणारा बंगळुरूचा असो की दिल्लीचा. वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर फी नाही आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची.

आता एक काम करा. घरात हिशेबाची वही असेलच. तिच्या शेवटच्या पानावर मॉनिटरचा मॉडेल नंबर, खरेदीची तारीख, वॉरंटी कधी संपते ते, योग्य रेझोल्यूशन आणि केबल कुठल्या खाचेत लावली आहे, या पाच ओळी लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी "हात लावू नकोस" म्हणालं, तर ते पान त्यांच्यापुढे धरा आणि म्हणा, "मी बघते, तुम्ही तेवढा चहा टाका."