घरांतल्या घरांत अबोला



एका छपराखालीं राहणाऱ्या दोन माणसांनीं अबोला धरला, तर त्याचें कारण बहुधा क्षुल्लक असतें. पण तें शोधायला कोणी बसत नाहीं, म्हणून अबोला वाढत जातो. आज ज्या अबोल्याविषयीं मी बोलणार आहें, तो माणसांचा नसून संगणकांचा आहे.

तळेगांवापासून लोणावळ्यापर्यंत आपल्या मावळांत आतां अनेक घरीं दोन-तीन संगणक आणि एखादा प्रिंटर असतो. माडीवरच्या संगणकांत दुकानाचा हिशेब, खालच्या संगणकावर मुलांचा अभ्यास, अशी वांटणी असते. एके दिवशीं वरच्या संगणकाला खालचा दिसेनासा होतो आणि घरांत एकच उद्गार निघतो : “नेट गेलें !” मग कोणी नवा राउटर विकत आणतो, तर कोणी संगणकाच्या संरक्षणाची सारी व्यवस्थाच बंद करून टाकतो. पहिल्या उपायानें पैसा व्यर्थ जातो. दुसऱ्यानें घर उघडें पडतें. म्हणून हा दोष क्रमाक्रमानें कसा शोधावा, तें आज पाहूं.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. लोणावळ्याचें स्टेशन डोळ्यांपुढें आणा. येथून एका बाजूला पुण्याकडे लोकल गाड्या जातात आणि दुसऱ्या बाजूला बोरघाट उतरून मुंबईस जातां येतें. २०१९ च्या पावसाळ्यांत मंकी हिलच्या परिसरांत दरडी कोसळून घाटांतील वाहतूक विस्कळीत झाली होती. पण घाट बंद पडला, म्हणजे लोणावळ्याहून कामशेतला जाण्याचा मार्गहि बंद पडला असें होत नाहीं. घरांतील जाळें ही आपली मावळांतली लोकल, आणि इंटरनेट हा घाटाखालीं जाणारा मार्ग समजा. बाहेरची तार तुटली, तरी राउटरला वीज आहे तोंवर घरांतील संगणक एकमेकांशीं बोलूं शकतात. उलट, दोहोंवर इंटरनेट उत्तम चालत असूनहि ते एकमेकांना अनोळखी असूं शकतात. तेव्हां “नेट गेलें” हें या दुखण्याचें निदान नव्हे.

आतां पहिली पायरी वाटेची. दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडलेले आहेत काय ? केबल असेल, तर ती जेथें खोवली आहे तेथील लहान दिवा लागतो काय ? विजा कडाडून गेल्यावर पुष्कळदां राउटर जिवंत राहतो, पण त्याची एखादी खोबण निकामी होते. म्हणून केबल शेजारच्या खोबणींत घालून पहावी. वाय-फाय असेल, तर दोहोंवर एकाच जाळ्याचें नांव दिसतें काय ? अनेक राउटरांत पाहुण्यांसाठीं निराळें वाय-फाय असतें. पाहुण्याला ओटीवर बसवावें, माजघरांत नेऊं नये, हीच त्यामागील योजना. त्यावरून इंटरनेट मिळतें, पण घरांतील इतर यंत्रें दिसत नाहींत. शिवाय लोणावळ्याच्या जुन्या बंगल्यांच्या दगडी भिंती जाड. वाय-फायच्या लहरी सामान्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन प्रकारच्या असतात. दुसऱ्या वेगवान खऱ्या, पण भिंतीपुढें लौकर हार खातात. अशा घरांत पहिल्या वापरून पहाव्या, किंवा सरळ केबल टाकावी.

दुसरी पायरी पत्त्याची. टपालाचा पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतांत काव्यरचना करणारे विद्वान होते. लोणावळ्याचा क्रमांक ४१०४०१ आणि कामशेतचा ४१०४०५. पहिले तीन अंक दोहोंत सारखे. शेवटच्या तीन अंकांनीं टपालकचेरी ओळखावयाची. घरांतील प्रत्येक संगणकालाहि असाच एक पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. सामान्य घरगुती जाळ्यांत याचे पहिले तीन भाग सर्वांचे सारखे आणि चवथा प्रत्येकाचा निराळा असावा लागतो. विंडोजच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहिली, कीं हा पत्ता समोर येतो. दोन्ही संगणकांचे पत्ते वहींत एकाखालीं एक मांडावे.

पत्ता १६९.२५४ या आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर राउटरकडून संगणकाला पत्ता मिळालाच नाहीं आणि त्यानें स्वतःच कामचलाऊ पत्ता घेतला, असें समजावें. अशा वेळीं राउटर बंद करून मिनिटभरानें चालू करावा, आणि त्याचे दिवे स्थिर झाल्यावर मग संगणक पुन्हां सुरू करावा. दोहोंचा पत्ता अगदीं एकच असेल, तर कोणीतरी तो हातानें भरला आहे. तो आपोआप मिळेल अशी व्यवस्था परत करावी. एकाचा १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.५ असा तिसऱ्या भागांत फरक असेल, तर घरांत बहुधा दोन राउटर आहेत. माडीवर वाय-फाय पोंचेना म्हणून दुसरा आणून जोडला, कीं तो तेथें आपलें स्वतंत्र गांव वसवितो. मग वरच्याची हाक खालीं पोंचते, पण खालच्याची वर पोंचत नाहीं. अशा दुसऱ्या राउटरांत बहुधा ‘ॲक्सेस पॉइंट’ हा पर्याय असतो. तो निवडला, कीं पत्ते वांटण्याचें काम एकट्या मूळ राउटरकडे राहतें आणि दोन गांवांचें एक होतें.

तिसरी पायरी हांक मारून पाहण्याची. ‘पिंग’ ही आज्ञा माइक मूस या अमेरिकन गृहस्थांनीं १९८३ च्या डिसेंबरांत रचली. समुद्रांत ध्वनि सोडून त्याचा प्रतिध्वनि ऐकतात, त्या सोनार यंत्राच्या आवाजावरून हें नांव पडलें. आज्ञेपुढें पत्ता लिहिला, कीं त्या पत्त्यावर हांक जाते आणि उत्तर आलें तर दिसतें. प्रथम राउटरला हांक मारावी. त्याचा पत्ता ‘डिफॉल्ट गेटवे’ या शब्दांपुढें लिहिलेला असतो. तोहि उत्तर देत नसेल, तर दोष पहिल्या दोन पायऱ्यांत आहे, मागें फिरावें. राउटर ओ देतो पण दुसरा संगणक गप्प, असें असेल, तर तो झोपला आहे, निराळ्या जाळ्यांत आहे, किंवा त्याच्या दारावरचा पहारेकरी हांक आंत जाऊं देत नाहीं. उत्तर येतें पण फाइल उघडत नाहीं, असें असेल, तर वाट आणि पत्ता दोन्ही ठीक आहेत. फाइल वांटण्याची परवानगी दिली आहे काय आणि परवलीचा शब्द बरोबर आहे काय, एवढेंच पहावें.

चवथी पायरी या पहारेकऱ्याची, म्हणजे फायरवॉलची. विंडोज अनोळखी जाळ्याला ‘पब्लिक’ म्हणजे बाजारांतलें समजतें आणि तेथें तोंड मिटून बसतें. आपल्या घरच्या जाळ्याला ‘प्रायव्हेट’ ठरवावें आणि तेवढ्यापुरती फाइल व प्रिंटर वांटण्याची मुभा द्यावी. परीक्षेसाठींहि पहारेकऱ्याला हांकलून लावण्याचें कारण नाहीं. आणि एकदां हांकललेल्याला परत बोलावण्याची आठवण कोणास राहत नाहीं.

हें मी इतक्या आग्रहानें कां सांगतों ? मे २०१७ मध्यें वॉनाक्राय नांवाच्या दुष्ट प्रोग्रॅमनें जगभरचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचें कामहि त्यांत खोळंबलें. फाइलींच्या देवाणघेवाणीची एक जुनी पद्धत आहे. तिला एसएमबीची पहिली आवृत्ती म्हणतात. तिच्यांतील छिद्रांतून तो एका संगणकांतून दुसऱ्यांत शिरत असे. २०१७ च्या ऑक्टोबरपासून निघालेल्या विंडोजच्या आवृत्त्यांत ही पद्धत सहसा बंद ठेवलेली असते, आणि म्हणूनच अडगळींतला विंडोज एक्सपीचा संगणक नव्याशीं बोलत नाहीं. हा एवढा अबोला मात्र मोडूं नये. जुन्यांतील कागदपत्रें पेन ड्राइव्हवर घ्यावीं, तीं तपासावीं, आणि त्या यंत्राला विश्रांति द्यावी.

शेवटीं एक मास्तरकीची सूचना. भूमितीचा सिद्धांत सोडवितांना मधली पायरी गाळली, तर उत्तर बरोबर येऊनहि गुण मिळत नाहींत. येथेंहि एका वेळीं एकच बदल करावा, आणि तो वहींत टिपावा. चार बदल एकदम केले आणि संगणक बोलूं लागले, तर कशामुळें बोलूं लागले तें कळत नाहीं. शिवाय नको असलेले तीन बदल मागें राहतात, आणि त्यांतलाच एखादा पुढच्या पावसाळ्यांत नवें दुखणें होऊन उभा राहतो. वाट, पत्ता, हांक आणि पहारेकरी, या चार शब्दांचें एक पान त्या वहींत लिहून ती राउटरशेजारीं ठेवावी, एवढें सांगून आपला निरोप घेतों.