सौरपट्ट्या घेण्यापूर्वी एक कागदी घर

आमच्या माळव्यातील मराठी घरांत चार माणसे जमली की सध्या एक विषय हटकून निघतो : छपरावर सौरपट्ट्या बसवाव्यात की नाही? २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली, तीन किलोवॅटच्या संचास अठ्ठ्याहत्तर हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवले, आणि हा विषय घरोघरी पोहोचला. तथापि अनुदान वजा जाता उरणारी रक्कम लहान नसते. त्यात बॅटरीची भर पडली, तर निवृत्त गृहस्थाच्या गंगाजळीस ती चांगलीच कात्री लावते. घर पाहावे बांधून, असे आपले वाडवडील म्हणत. सुदैवाने हे घर प्रथम कागदावर बांधून पाहता येते, आणि तेथे चुकल्यास दमडीही जात नाही.

एक आखीव वही घ्यावी. घरातील प्रत्येक उपकरणाचे वॅट त्याच्या पाठीवरील पट्टीवर लिहिलेले असतात. एक हजार वॅट एक तास चालले की एक युनिट. उन्हाळ्यातील एक मध्यम घर घेऊ. पंच्याहत्तर वॅटचे तीन पंखे दहा तास, म्हणजे सव्वादोन युनिट. दोनशे वॅटचा कूलर आठ तास, १.६ युनिट, शीतकपाट सुमारे सव्वा युनिट. शीतकपाट दिवसभर जोडलेले असले तरी त्याचे यंत्र थांबून थांबून चालते. म्हणून त्याच्या वॅटांना चोवीसने गुणू नये. दिवे, दूरदर्शन संच, पाण्याचा पंप, मिक्सर, इस्त्री मिळून दीड युनिट धरले, तर बेरीज साडेसहाच्या आसपास येते.

हिवाळ्याचे पान मात्र वेगळे करावे. तेव्हा पंखे व कूलर गप्प असतात आणि गीझर बोलू लागतो. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवावयास अर्धा युनिट लागतोच. त्यात गीझरची कंपनी काही करू शकत नाही, तो पाण्याचा धर्म आहे. चार माणसांची चार स्नाने म्हणजे दोन युनिट, आणि तीही सूर्य पुरता वर येण्याआधी.

आता खरी गंमत. आपल्याकडे स्वच्छ उन्हाच्या दिवशी एक किलोवॅटच्या पट्ट्यांतून साधारण चार युनिट मिळतात. दोन किलोवॅटचे आठ. खर्च साडेसहा, उत्पन्न आठ. म्हणजे भागले, असे वाटते! पण वहीत दिवसाचे चोवीस तास एकाखाली एक मांडावेत व प्रत्येकासमोर खर्च, ऊन आणि शिल्लक असे तीन रकाने करावेत. दुपारी शिल्लक साचते, आणि कूलर-पंखे तर रात्री चालतात. साडेसहांपैकी चार युनिट सूर्यास्तानंतरचे असतील, तर ते बॅटरीतून तरी यावयास हवेत किंवा वीजमंडळाच्या तारेतून. बॅटरीत चार युनिट भरले की परत चार मिळत नाहीत, थोडी घट असतेच. एक दशांश वजा धरलेले बरे. कपडे धुण्याचे यंत्र, पंप, इस्त्री ही कामे दुपारी सरकवून रकाने पुन्हा मांडावेत. हीच ‘ऊर्जा-व्यवस्थापना’, आणि तिला यंत्र लागत नाही. २०२३ च्या केंद्रीय नियम-दुरुस्तीने उन्हाच्या तासांत दर कमी व मागणीच्या तासांत अधिक ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. त्यामुळे हा सरकवण्याचा खेळ आता नुसता हौसेचा राहिलेला नाही.

घरात संगणक आणि एखादा उत्साही नातू असेल, तर हेच घर पडद्यावर उभे करता येते. ‘होम असिस्टंट’ नावाची प्रणाली विनामूल्य मिळते. पाउलुस स्खाउटसेन यांनी २०१३ साली तिचा आरंभ केला व २०२१ साली तिच्यात ऊर्जेचे स्वतंत्र पान आले. तिच्यात खरे उपकरण एकही न जोडता कल्पित बटणे करता येतात : हे गीझरचे, हा पंप, ही सरकपट्टी उन्हाची. बटण दाबले की कल्पित मीटर दोन हजार वॅट दाखवितो. नवशिके येथे एकाच जागी अडतात. ऊर्जेच्या पानास वॅट चालत नाहीत, त्यास युनिट हवे असतात. म्हणून वॅटांची कालानुसार बेरीज करणारा मीटर मध्ये घालावा लागतो, आणि तीही सोय त्या प्रणालीत आहे. मग नियम द्यावा : ऊन खर्चाहून अधिक असेल तर बॅटरी भरावी, ती भरली की पंप सुरू व्हावा. उन्हाची पट्टी खाली ओढून श्रावणातले आभाळ आणावे आणि काय होते ते पाहावे.

आणखी एक बटण या घरात अवश्य ठेवावे : ‘वीज गेली’. पुष्कळांची समजूत असते की पट्ट्या असल्या की घर अंधारात राहणार नाही. बॅटरीविना तारेशी जोडलेला नेहमीचा संच बाहेरची वीज जाताच भर दुपारी सुद्धा बंद पडतो; खांबावर काम करणाऱ्या माणसास उलटून आलेल्या प्रवाहाचा धक्का बसू नये, म्हणून तो तसाच बनविलेला असतो. तेव्हा हे बटण दाबून पाहावे, घरातील कोणते दिवे व किती पंखे खरोखरच चालू राहावयास हवेत ते लिहून काढावे, आणि तेवढ्याच आकाराच्या बॅटरीची किंमत विचारावयास बाजारात जावे.